शांताचे डोळे दाखवायला लातूरला

लातूर म्हणजे काही काशी नव्हे, की तिथं जाऊन आल्यावर बाईनं दौत-टाक घेऊन बसावं. शेजारणी हसल्याच. पण काशीहून आलेली माणसं तीच गोष्ट आल्यागेल्याला सांगून कान किटवतात. मी निदान एकदाच लिहून मोकळी होते आहे. शिवाय आमच्या नांदेडातल्या किती बायका मोटारीत बसून आमच्या गोदागंगेपलीकडं, थेट लातुरापर्यंत गेल्या आहेत? मी गेले. तेव्हा लिहिणार.

जाण्याचं कारण मात्र हौसेचं नव्हतं. अर्धापूरजवळच्या खेड्यात माझं माहेर. धाकटा भाऊ माधव तिथं केळीची बाग सांभाळतो. आमच्या घराण्यात डोळे जातात. वडिलांचे गेले, त्यांच्या चुलत्यांचे गेले, आता माधवचेही गेल्यातच जमा आहेत. आधी दिवेलागणीनंतर दिसेनासं होतं. मग भर उन्हातही कडेचं दिसत नाही, समोरचं तेवढं दिसतं. माधव म्हणायचा, "पुंगळीतून बघितल्यावानी." ती पुंगळी वर्षागणिक बारीक होत जाते आणि एक दिवस बुजते. मला काही झालं नाही. मी थोरली, ठणठणीत, अजून सुईत दोरा ओवते. भावाकडं पाहिलं की याचं कधीकधी ओशाळं वाटतं.

माहेरचं घर त्यामुळं वेगळ्याच शिस्तीचं. परसदारापासून विहिरीपर्यंत दोर ताणलेला. वासराच्या गळ्यात घुंगरू. पाण्याचा तांब्या जिथं असतो तिथंच असायचा. पाहुण्यानं तो दुसरीकडं ठेवला तर पाहुण्याची खैर नाही. दार एक तर सताड उघडं, नाही तर पुरतं लावलेलं, कारण अर्धवट दार म्हणजे कपाळाला टेंगूळ. अशा घरात माधव कुणाला चटकन आंधळा वाटत नाही. केळीच्या घडावरून बोटं फिरवतो आणि कुठला कधी उतरवायचा ते सांगतो.

थंडीच्या दिवसांत मी माहेरी गेले होते, वहिनी बाळंत झाली म्हणून. मुलगा झाला होता. खोलीत शिरले तर ही रडते आहे. मला वाटलं अशक्तपणा असेल. तर म्हणाली, "वन्सं, शांतीलापन लागलं वो. दिवे लागले की पोर भिंत चाचपून राहिली. पाय घासत चालती, अगदी ह्यांच्यावानी."

शांता म्हणजे माधवची थोरली, आठ वर्षांची. मी त्या संध्याकाळी मुद्दाम ओसरीवर बसून राहिले. अंधार पडला तशी शांता माजघरातून निघाली. एक हात भिंतीवर, पाऊल पुढं सरकवत, जपून. वडील असेच चालायचे. 

लातूरला दर हिवाळ्यात सोलापूरकडचे एक डोळ्यांचे डॉक्टर छोट्या आगगाडीनं येतात, धर्मशाळेत उतरतात आणि मोतीबिंदू काढतात, असं ऐकलं होतं. माधव गड्याला बैलगाडी जोडायला लावून नांदेडला माझ्या घरी आला, सोबत शांता. म्हणाला, "अक्का, तू चल."

"मी कशाला? मला काय डाक्टरी येते?"

"डाक्टर बोलंल ते मी ऐकीन. पन बोलताना त्याचं तोंड कसं व्हतंय ते मला दिसनार न्हाई. तोंडावर बघनारं कुनीतरी पायजे."

 आमच्या घरात परवानगी मिळायला वेळ लागला नाही. हे म्हणाले, "जा. पण डॉक्टरलाच चार गोष्टी शिकवून येऊ नकोस."

वाटेवर

मोटारीत पुढच्या बाकावर तहसिलीतले साहेब, मागं आम्ही आणि आमच्यामागं कुणाच्या तरी कोंबड्या. शेजारी एक वृद्ध मुन्शीजी बसले होते, दाढीला मेंदी लावलेली. त्यांनी रुमालातली बोरं शांताला दिली. माधव बाहेर बघत नाही, नुसता कान देऊन बसतो, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. हळूच विचारलं, "मियाँ, आँखां की तकलीफ है क्या?"

माधवनं सांगितलं. हेही सांगितलं की त्याच्यासाठी नाही, पोरीसाठी चाललो आहोत.  मुन्शीजी शांताच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "फिकर नक्को करो. बच्ची के आँखां में नूर है." मोटारीतल्या बाकीच्यांनी मात्र एव्हाना इलाज सुचवायला सुरुवात केली होती. कुणी सुरमा सांगितला, कुणी बोकडाचं काळीज भाजून त्याचा रस डोळ्यांत घालायला सांगितलं. आम्ही कांदासुद्धा चातुर्मासात शिवत नाही, आणि हे बोकडाचं काळीज! मी तोंड वाकडं केलं. माधव हसून म्हणाला, "अक्का, पोरीसाठी सांगत असतील तर बोकडच काय, मगर आनून घालीन."

अहमदपूरला उतरून आम्ही धपाटे आणि दही खाल्लं. माझ्या हातचे धपाटे दुसऱ्या दिवशी जास्त चांगले लागतात, हे माझं मत नाही, माधवचं आहे. मुक्कामाला तिथलीच धर्मशाळा होती. तिच्या खोलीचं दार कुणीतरी अर्धवट लोटून ठेवलेलं, आणि माधव सरळ जाऊन त्या दाराच्या कडेवर आपटला. कपाळाला बोराएवढं टेंगूळ. शांतानं त्या दाराला असं काही झापलं की धर्मशाळेचा रखवालदार बघायला आला. तिथून पुढं ती प्रत्येक ठिकाणी आमच्या आधी जाऊन दार पुरतं उघडायची आणि आतून बापाला हाक मारायची, "दादा, या आता."

मला तिचं कौतुक वाटायचं आणि लगेच भरून यायचं. आज ही बापासाठी दारं उघडते आहे. उद्या हिच्यासाठी कोण उघडणार?

लातूर

लातुरात गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेत, ह्यांच्या मित्राची आडत आहे. त्यांच्या घरी उतरलो. मित्राची बायको दानम्मा निलंग्याकडची. तिचं मराठी कानडीत बुडवून काढलेलं. दारातच म्हणाली, "या री अक्का, ऊटा तयार हाय." ऊटा म्हणजे जेवण, हे मला वासावरूनच समजलं.

आता आमच्याकडचं ताट वाढण्याची रीत ठरलेली. वर मध्ये मीठ, डावीकडं लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडं भाजी. रीत कुणी कशासाठी केली देव जाणे, पण माधवला तिचा मोठा आधार. बोट नेलं की हवा तो पदार्थ हाती. ताट म्हणजे त्याच्या ओळखीचा गाव. पण दानम्माला पाहुण्यांच्या आनंदात काही सुचेना. तिनं जागा दिसेल तिथं वाढलं. भाजी असते तिथं हिरव्या मिरचीचा ठेचा आला. माधवनं भाकरीचा मोठा तुकडा तोडला, विश्वासानं त्यात बुडवला आणि तोंडात घातला. नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पण गडी भला, गिळून म्हणाला, "भाजी झकास झालीय, वहिनी."

दानम्माला आधी कळेना. मग तिला उमगलं तशी तिचा चेहरा एवढासा झाला. मला वाटलं आता दया-दया करत बसेल. तसं काही केलं नाही तिनं. माधवच्या समोर मांडी घालून बसली, त्याचा हात धरला आणि एकेका पदार्थावर नेत म्हणाली, "ही येसराची आमटी. ही अंबाडी. हिथं होळगी, तूप घालू का री?" होळगी म्हणजे आपली पुरणपोळी. दुसऱ्या दिवशी सकाळी मला स्वयंपाकघरात बोलावून तिनं आमच्याकडची रीत विचारून घेतली आणि आम्ही होतो तोवर तिच्या घरातलं प्रत्येकाचं ताट तसंच वाढलं गेलं. स्वभावानं मी भांडखोर आहे, पण या बाईशी मला जन्मात भांडता यायचं नाही.

धर्मशाळेत

डॉक्टरांकडं एवढी गर्दी होती, की जत्रा बरी. बहुतेक म्हातारी माणसं, मोतीबिंदूवाली. डोळ्यांवर पट्ट्या बांधलेली, उन्हात ओळीनं बसलेली, आणि सगळी आनंदात. त्यांना दिसणार होतं. माधव त्यांच्यात बसून गप्पा मारत होता. मला ते बघवेना.

डॉक्टर साठीच्या आसपासचे, अंगात लांब कोट, बोलणं सावकाश. त्यांनी आधी सगळी हकिकत ऐकली. घराण्यात कुणाला दिसत नव्हतं, कुणाला दिसत होतं, हे पार पणजोबांपासून विचारलं. मग दोघांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले, बराच वेळ बसवून ठेवलं, आणि आतल्या खोलीत बोलावलं. खिडक्यांना घोंगड्या लावून ती खोली अंधारी केली होती. एक बारीक दिवा, आणि डॉक्टरांच्या हातात भोक पाडलेला छोटा आरसा. त्या आरशानं दिव्याचा उजेड डोळ्यात पाडून ते आतला पडदा बघतात.

मी माझं काम विसरले नव्हते. माधवच्या डोळ्यात बघताना डॉक्टरांचा चेहरा हळूहळू मऊ होत गेला. वाईट बातमी सांगणाऱ्या भल्या माणसाचा होतो तसा. शेवटी म्हणाले, "तुमच्या पडद्यावर शाईचे शिंतोडे उडाल्यासारखे काळे डाग आहेत. यावर आज औषध नाही. तिकडं परदेशात लोक याच्या मागं लागले आहेत. कुणी औषधं टोचून बघतात, कुणी घराण्याघराण्यांतून हा रोग कसा उतरतो ते मांडून बघतात. अजून हाती काही लागलेलं नाही. कुणी बरं करतो म्हणाला तर त्याला घरातून हाकलून द्या."

"माझं ऱ्हाऊ द्या," माधव म्हणाला. "पोरीचं बगा."

शांताला स्टुलावर बसवलं. डॉक्टरांनी पुन्हापुन्हा आरसा फिरवला. या वेळी त्यांच्या कपाळाला आठी होती, दुःखाची नव्हे, कोडं न सुटल्याची. "पडदा स्वच्छ दिसतो," ते म्हणाले. "पण एवढ्या लहानपणी नुसतं स्वच्छ दिसून भागत नाही. डाग मागाहून येतात, रातांधळेपणा आधी येतो. खाण्यापिण्याची आबाळ असली तरी मुलांना रातांधळं येतं, त्यावर माशाच्या काळजाचं तेल आहे. पण ही पोरगी तर दूध-भाजीवर वाढलेली दिसते. अंधारात चालते कशी म्हणालात?"

"भिंत धरून," मी म्हणाले. "चालून दाखव गं शांते."

शांता उठली आणि त्या अंधाऱ्या खोलीत भिंतीला हात लावून, पाय सरकवत दारापर्यंत गेली. मी तिच्यामागं गेले. डॉक्टर एकदम म्हणाले, "बाई, तुम्हालाही दिसत नाही?"

"मला? मला स्पष्ट दिसतं."

"मग तुम्ही भिंत का धरलीत?"

मी बघितलं. माझा हात भिंतीवर होता. उजवं पाऊल सरकवत चालले होते मीही. चाळिशीला आले, लग्न होऊन नांदेडला संसार केला, आणि अंधारात मी अशी चालते हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ह्यांना वाटलं असेल, बाईची चालच तशी.

"सवय," मी म्हणाले. आणि म्हणतानाच मला आठवलं. आमच्या घरात दिवे लागले की लेकरांनी पळायचं नाही, हा वडिलांचा नियम. पळणारं पोर न दिसणाऱ्या माणसाच्या पायात येतं, दोघं पडतात. म्हणून भिंतीच्या कडेनं, हात लावून, पाय वाजवत चालायचं, म्हणजे समोरच्याला चाहूल लागते. आम्हा भावंडांना हे रांगणं सोडल्यापासून शिकवलं. माधवनं ते शांताला शिकवलं.

डॉक्टरांनी शांताला जवळ घेतलं. "बाळ, भिंत का धरतेस?"

शांता त्यांच्याकडं अडाण्याकडं बघावं तशी बघायला लागली. "दिवे लागल्यावर तसंच चालायचं असतंय."

"दिसत नाही म्हणून?"

"दादांला न्हाई दिसत. पन चालायचं समद्यांनी."

  डॉक्टर म्हणाले, "हे चांगलं चिन्ह आहे, पण मी खात्री देणार नाही. औषधाचा अंमल उतरला की चंद्र नसताना तिला उघड्यावर न्या, दिव्यापासून लांब. डोळ्यांना अंधार ओळखीचा होऊ द्या. मग काय दिसतं ते विचारा. तुम्ही सुचवू नका, फक्त ऐका. तिला दिसत असेल तर दिसेल."

निघताना माधवनं विचारलं, "पाळन्यातल्याचं काय?"

"प्रत्येक लेकराचं वेगळं. मोठा होईल तेव्हा कळेल." आणि मग त्यांनी माधवला काठी वापरायचा सल्ला दिला, वर मुंबईकडं बोटांनी वाचायला शिकवतात तेही सांगितलं. माधव सगळ्याला हाव, हाव म्हणत मान हलवत होता. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "तोंड कसं व्हतं, अक्का?"

"तुझ्या वेळी वाईट. तिच्या वेळी खरोखर माहीत नसल्यासारखं."

दुसऱ्या दिवशी औषध उतरलं. संध्याकाळी दानम्माची गच्ची मोकळी होती, अवस जवळ आलेली. मी म्हणाले, चला वर. माधव म्हणाला, "थंडी लई हाय. उद्या बगू." त्या दिवशी लातुरात कुणी स्वेटरसुद्धा घातला नव्हता. पण मी आग्रह धरला नाही. वडिलांची पुंगळी पुरती बुजली तेव्हा माधव शांताएवढा होता. आणि नियम त्यानं शिकवलेला, पोरगी त्याची, आता उत्तरही त्यालाच ऐकायचं होतं.

परत येताना

पण त्याच्या थंडीचं मोटारीला काय? अहमदपूर जवळ आलं आणि मोटार ठ्यां करून थांबली. ड्रायव्हर खाली शिरला तो येईचना. दिवस मावळला. रस्त्याकडेच्या शेतातून एका शेतकऱ्यानं हाक दिली, "या की, हुरडा भाजून राहिलो!" सगळे उतारू तिकडं धावले. अशा वेळी मराठवाड्यात कुणी ओळख विचारत नाही.

आगटीभोवती बसून आम्ही गरम हुरडा तिळाच्या चटणीशी खाल्ला. माझी बोटं भाजली, पण थांबवत नव्हतं. खाणं आटोपलं तेव्हा अंधार पुरता पडला होता. माधव उठला. "शांते, चल," म्हणाला. त्याचा आवाज मला परका वाटला.

शेतापलीकडं खळं होतं, तुरीच्या मळणीसाठी ठोकून, सारवून गुळगुळीत केलेलं. आगटीचा उजेड तिथं पोचत नव्हता. मी माधवला हात धरून नेलं. शांता आमच्यामागून आली आणि कडेला थबकली. हात पुढं करून म्हणाली, "दादा, हितं भिंतच न्हाई."

"नसू दे. बस."

आम्ही खाली बसलो. डोळ्यांना अंधार ओळखीचा होऊ दिला. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना वेठीला धरलं होतं. मग माधवनं विचारलं, "काय दिसून राहिलं, बाळ?"

"अंधार."

माधवनं माझं मनगट धरलेलं होतं. त्याची बोटं रुतली.

"आनि?" त्यानं विचारलं.

"आनि बैल. पांढरे हायेत, काळे ठिपके हायेत. एक बसलाय." मला त्या दिशेला नुसता एक फिकट ढीग दिसत होता. देवणीचे बैल असतात खरे तसे. "आनि दादा, तिकडून एक बाई येऊन राहिली. डोक्यावर घागर हाय. लेकरू बी हाय कडंवर."

मी डोळे फाडफाडून पाहिलं. मला बाई दिसेना. बाई नव्हतीच बहुतेक. पोरगी बापाला बरं वाटावं म्हणून सांगते आहे, असं माझ्या मनात येऊन गेलं, आणि मी घट्ट डोळे मिटले.

माधवनं मान वळवली. तो ऐकत होता. थोड्या वेळानं त्याला, मग मलाही, जोडव्यांचा आवाज आला. मग घागरीतलं पाणी डुचमळल्याचा. मग कडेवरचं पोर किरकिरलं. शेतकऱ्याची बायको खळ्याच्या कडेनं आगटीकडं गेली.

 माझं मनगट सोडून माधवनं दोन्ही हातांनी शांताचं तोंड कुरवाळलं, डोळ्यांवरून अंगठे फिरवले, पापण्या, भुवया, सगळं. ती म्हणाली, "दादा, हात काळे झालेत तुमचे." तरी तो थांबेना. मी तिथं मोठ्यानं रडले. लाज वाटायचं कारण नाही, अंधार होता.

मग माधव म्हणाला, "शांते, पळ."

"हितं? दिवे लागल्यावर?"

"हितं चालतंय. पळ तू."

ती उठली. दोन पावलं चालली, थांबली, आमच्याकडं बघितलं. मग सुटली. खळ्याभोवती गोल, अनवाणी, धपधप, वेणी उडवत. आमच्या घरातलं पोर अंधारात पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. माधव त्या आवाजाबरोबर मान फिरवत होता, लांब गेला की तिकडं, जवळ आला की इकडं.

शांता धापा टाकत त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. त्याचा हात धरून ओढायला लागली. "दादा, उठा की. तुमीबी."

"म्या? येडी का काय?"

"उठा. मी बगते ना."

आणि माझा भाऊ उठला. आधी पाय सरकवत चालला, मग पायांनी खळं चाचपून पाहिलं, मग ती ओढेल तसा पळायला लागला. खळ्याच्या मध्ये मळणीचा खांब रोवलेला होता आणि ती त्याला बरोबर कडेकडेनं नेत होती. पागोटं सुटलं. मी कडेवर उभी राहून ओरडत होते, अरे खांब आहे, अरे धोतर सांभाळ, पडशील मेल्या. दोघांपैकी कुणीही ऐकलं नाही.